भाताचं ठरवलंय, रागावू नका

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर बाबांच्या साखरेचा आणि भाताचा विषय काढला की बाबा "बघूया" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला परसात तांबडी भाजी किती छान आलीय ते सांगत बसते, म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

तर, मी आणि दादाने मिळून ठरवलंय, आणि सांगून पण टाकलंय, की यंदाचं अर्धं भात खालच्या घरच्या काकांना द्यायचं. ते शनिवारी टेम्पो घेऊन येतील आणि पैसे आईच्या हातात देतील. बाबा, तुम्हाला हे वाचून कसं वाटेल ते मला कळतंय हो. तरवा काढण्यापासून झोडणीपर्यंत कंबर दुखत असताना तुम्ही राबलात, आणि पोरगी रत्नागिरीत बसून सांगते भात विका. पण मी शेती सोडा म्हणत नाहीये, ते मी कधीच म्हणणार नाही. पिकवा, फक्त ते तुमच्या ताटात कमी येऊ दे.

बाबा, तुमच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) आकडा ८.९ आलाय. आजीच्या पायाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ते परत लिहीत नाही. तुम्ही म्हणता उकडा तांदूळ आहे, घरचा आहे, त्याने काय होतंय. कोंडा असतो त्यात, खरंय, पॉलिशच्या तांदळापेक्षा बराच, पण १०० ग्रॅम तांदळात पाऊणशे ग्रॅमच्या वर पिष्टच असतं बाबा, घरचा असो की रेशनचा. आणि सकाळी पेज, दुपारी भात, रात्री परत भात. बांगड्यात पिष्ट जवळपास नाहीच आणि १०० ग्रॅमला १८-१९ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे तुम्हाला जे सगळ्यात जास्त आवडतं त्याला काहीच बंदी नाही! तिखट पण बंद नाही, मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, तुम्हाला ॲसिडिटी नाही तर मसाला खुशाल खा म्हणाले.

आई, आता तुझं. तुला वाटेल हे सगळं महागाचं खाणं असतं, बदाम आणि पनीर आणि कसली कसली पिठं. त्यातलं काही आणायचं नाही. भाताचे जे पैसे येतील ते वेगळ्या डब्यात ठेव आणि त्यातून फक्त मासे, अंडी आणि साखर तपासायच्या स्ट्रिप्स. पाटीवालीकडे सुरमई बघूच नको, आता तारली भरपूर येते ती घे, बांगडा स्वस्त असेल त्या दिवशी बांगडा. तारलीला रवा किंवा तांदळाचं पीठ लावायचं नाही, नुसती हळद, मीठ, आपला मसाला आणि कोकमाचं आगळ, अर्धा तास ठेव आणि तव्यावर थोड्या खोबरेल तेलात भाज, कुरकुरीत कमी होते पण चव तीच. बांगड्याचं तिखलं तर तसंही बिनखोबऱ्याचं, बेडगी मिरची, तिरफळं ठेचून आणि आमसुलं, खर्च काय त्याला? फक्त दाटसर कर, पातळ केलंस की बाबा भात मागणारच. बाजूला तांबडी भाजी किंवा कोबी, ओलं खोबरं घालून, चमचाभर नाही, अर्धं ताट भरून वाढ. कुळथाची पिठी चालेल पण एक वाटी, कुळथात पण पिष्ट असतं, आणि भाताबरोबर नको. सागोतीत बटाटा घालू नको, वाटप तेच, आणि वडा एकच. पुढे फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या मिळायला लागल्या की तिखट भाजी कर, फणस दारातच आहे. पावसाळ्यात जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा टाकळ्याची भाजी आणि अंड्याचा रस्सा. सुका जवळा पण चालेल पण दोन-तीन पाण्यात धू, बाबांचं बीपी आहे.

एकदम बंद नाही करायचंय हो. दुपारी एक वाटी भात राहू दे, रात्री नको. "भाताशिवाय जेवल्यासारख्या वाटणा नाय" हे बाबा तुम्ही म्हणणार मला माहितीय, पहिले काही दिवस तसंच वाटेल. मला अजून आठवतं, तारलीचे काटे काढून तुम्ही माझ्या ताटात नुसता मासा ठेवायचात आणि स्वतः मात्र डोकं चोखत भात खायचात, मासा सगळ्यांना पुरायचा नाही म्हणून. आता पुरतोय ना बाबा. आता तुम्ही मासा खा. मला खूप बरं वाटेल.

एक महत्त्वाचं, नीट ऐका. भात कमी केल्यावर साखर उतरवायची गोळी जास्त पडून साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून सोमवारी दादाबरोबर डॉक्टरांकडे जायचंच आणि ते सांगतील तेवढीच गोळी, आपल्या मनाने बंद नाही आणि कमी पण नाही. तोपर्यंत भात नेहमीसारखाच. कधी घाम फुटला, हात थरथरले तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, मग मला फोन. आई, साखरेचा डबा खालच्या फळीवर ठेव. आणि तू उरलेला भात संपवत बसू नकोस, कोंबड्यांना घाल.

गणपतीत मोदक खायचेच आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

स्ट्रिप्स दादाकडे दिल्यात. उपाशीपोटीचा आकडा कॅलेंडरवर तारखेसमोर लिहायचा, आई तूच लिही. आणि शनिवारी काका आले की भात मोजून द्या, मापाला बाबा तुम्हीच उभे राहा, दुसऱ्या कोणाला जमत नाही ते.

तुमची,
बाय