केटामिन कपाटात आहे, नैराश्याच्या रुग्णाला कधी मिळणार?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

विदर्भाच्या ग्रामीण भागात मानसिक आजारांवर उपचार करणारे आम्ही डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माण अधिकारी हे पत्र लिहीत आहोत. विषय आहे नेहमीच्या गोळ्यांनी न हटणारे नैराश्य.

दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे घेऊनही गुण आला नाही, की नैराश्य औषधाला दाद देत नाही असे धरतात. आपल्याकडे घोळ त्याआधीच होतो. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे नेहमीचे औषध 10 मिलिग्रॅमने सुरू होते आणि वर्षभर 10 वरच राहते. मात्रा 20 वर न्यायला तज्ज्ञाच्या पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. मधेच साठा संपतो, कापूसवेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून येणे जमत नाही, आणि कार्डावर शेरा पडतो: 'गुण नाही'. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलेले नसते, दारूबद्दल कुणी विचारलेले नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 18 सांगते की आवश्यक यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर, सदासर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. तीन महिन्यांचा राखीव साठा ठेवल्याशिवाय 'सदासर्वकाळ' प्रत्यक्षात येणार नाही.

दोन औषधे खरोखरच हरली, तर चालू गोळीला लिथियमची जोड देता येते. लिथियम स्वस्त आहे, पण रक्तातली पातळी बघितल्याशिवाय ते देणे धोक्याचे. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त घ्यायचे आणि पातळी लिटरमागे साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल ठेवायची. आमच्या भागात वैशाखात पारा 45 च्या वर जातो. घामाने अंगातले पाणी आणि मीठ कमी होते, त्यात कंबरदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक घेतली जाते, आणि लिथियमची तीच मात्रा विषासारखी चढते. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, बोलणे अडखळते, चाल डगमगते. धारणीच्या माणसाला लिथियमची पातळी तपासायला अमरावती गाठावी लागू नये; नमुना गोळा करून पाठवण्याची सोय तालुक्यालाच हवी.

आता केटामिन. हे भूल देण्याचे जुने औषध आहे आणि शस्त्रक्रिया होतात त्या रुग्णालयांच्या कपाटात ते असते. नैराश्यासाठी शिरेतून किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, 40 मिनिटांत देतात. 50 किलोच्या रुग्णाला 25 मिलिग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या कुपीतले अर्धा मिलिलिटर, 100 मिलिलिटर सलाइनमध्ये. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमची कुपीही बाजारात असते. लेबल न वाचता एक समजून दुसरी भरली तर मात्रा पाचपट चढते किंवा पाचपट उतरते. म्हणून दोन परिचारिकांनी मोठ्याने वाचूनच औषध भरावे.

फरक काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसू शकतो, मात्र एका वेळच्या औषधाचा असर बहुधा आठवडाभरात ओसरतो. त्यामुळे आठवड्यातून दोनदा, काही आठवडे ते द्यावे लागते, नेहमीची गोळी चालू ठेवून. देताना बीपी वाढते, मळमळते, आपण शरीराबाहेर गेलो असे वाटते. आधी नीट समजावले नाही तर माणूस घाबरून पुढच्या वेळी येतच नाही. बीपी आटोक्यात नसेल, भास होत असतील किंवा गर्भ असेल तर ते देऊ नये. वारंवार घेतल्यास सवय लागते, मूत्राशयालाही इजा होते. एस्केटामिन या केटामिनच्याच एका रूपाचा नाकातला फवारा अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झाला, तिथेही फवाऱ्यानंतर किमान दोन तास नजरेखाली ठेवण्याची अट आहे. दोन तासांनी सोडले तरी त्या दिवशी मोटारसायकल चालवता येत नाही. शेवटची एसटी चारला सुटत असेल तर रुग्णाने गावी जायचे कसे? रात्रीची खाट दिल्याशिवाय भामरागडच्या माणसासाठी हा उपचार नाहीच.

तेव्हा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या कामासाठी दोन खाटा, बीपी आणि ऑक्सिजनची पातळी दाखवणारा मॉनिटर, श्वास सांभाळू शकणारा भूलतज्ज्ञ आणि मराठीत लिहिलेली एक कार्यपद्धती द्या. नैराश्यासाठीचा हा वापर भुलीसाठीच्या मंजुरीत बसत नाही, म्हणून रुग्णाची लेखी संमती घेणे त्या कार्यपद्धतीतच बंधनकारक करा. केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत असल्याने कुपीगणिक हिशेब द्यावा लागतो. तो आम्ही देऊ, फक्त मानसोपचार विभागाला ते मागवण्याचा लेखी अधिकार हवा. रुग्णाबरोबर येणाऱ्या नातेवाइकाचे एसटीभाडे आणि जेवणही त्याच आदेशात घाला, कारण तिसऱ्या फेरीला घरातले पैसे संपलेले असतात.

आपले,
ग्रामीण विदर्भातील मानसिक आरोग्य कर्मचारी