निषेध खलित्याने खटला थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात आपला माणूस कोठडीत गेला की 'राजदूताला बोलावून खडसावले' एवढ्या बातमीवर आपण समाधान मानतो. पण खलिता जातो तिथल्या परराष्ट्र खात्याकडे, न्यायाधीशाकडे नव्हे. ज्याच्या हद्दीत गुन्हा, त्याचे न्यायालय, हा मूळ नियम खलित्याने हलत नाही.

इटलीने तो आपल्याविरुद्ध हलवून पाहिला. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावरच्या इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार ठार झाले. किनारी देशाची पूर्ण सत्ता असलेला १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र मागे पडलेला, मर्यादितच अधिकार असलेला २४ मैलांपर्यंतचा संलग्न पट्टा मात्र संपलेला नाही. सगळी मेख तिथेच. २०१४ मध्ये इटलीने राजदूत माघारी बोलावला, तरी खटला भारतातून हलला नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने 'ही नौकानयनातील दुर्घटना, म्हणून खटल्याचा हक्क जहाजाच्या देशाचा' हा इटलीचा मुद्दाही फेटाळला. नौसैनिक वाचले ते सरकारी कामावर होते म्हणून, तेही ३ विरुद्ध २ मतांनी. भरपाईचे १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले.

व्यापारी जहाजावरच्या कोकणातल्या खलाशाला ही ढाल नाही. त्याला आधार वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा. त्यात एक गोम आहे. वकिलातीला कळवण्याचा हक्क कैद्याला सांगणे पोलिसांवर बंधनकारक, पण प्रत्यक्ष कळवायचे ते त्याने मागणी केली तरच. घाबरलेला माणूस न कळणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही करून मोकळा होतो आणि मागणी राहूनच जाते.

कुलभूषण जाधव प्रकरणात पाकिस्तानने अटकेची खबर तीन आठवड्यांनी दिली आणि वकिलातीची भेट नाकारली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरले. तरीही फाशीची शिक्षा रद्द झाली नाही, फक्त फेरविचाराचा आदेश मिळाला. हेगला जाता आले तेसुद्धा असे वाद त्या न्यायालयात नेऊ देणाऱ्या कराराच्या ऐच्छिक जोड-करारात दोन्ही देश सामील होते म्हणून. अमेरिका त्यातून २००५ मध्येच बाहेर पडली आहे.

तेव्हा बोटीवर चढणाऱ्याने एक वाक्य इंग्रजीत पाठ करून जावे: 'माझ्या वकिलातीला कळवा.' ते कोणाला, किती वाजता सांगितले हेही टिपून ठेवावे. वकिलातीला कळवण्यातला विलंब पुढे मोजला जातो तो त्याच घटकेपासून.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी