विषय: काढून टाकलेला ग्राफिक्स ड्रायव्हर परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आज तुमच्या मदत केंद्राशी चौथ्यांदा बोलून फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. पावती, तक्रार क्रमांक आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

तुमच्या लॅपटॉपबरोबर येणाऱ्या अपडेट प्रोग्रॅमने सिस्टीम अपडेटच्या जोडीला नवा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम, न विचारता टाकला. त्या दिवसापासून ब्राउझर हँग होतो. पान पांढरं पडतं, क्लिक लागत नाही, माउसचा बाण मात्र हलतो आणि व्हिडिओचा आवाज चालू राहतो. जीएसटीचा अर्धा भरलेला फॉर्म अशा वेळी गेला की पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.

हे क्रोममध्ये होतं आणि फायरफॉक्समध्येही होतं, म्हणजे दोष ब्राउझरचा नाही. नवीन प्रोफाइल केलं, सगळी एक्स्टेंशन बंद केली, तरी तेच. हँग झाल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ब्राउझर पुन्हा चालू लागतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळेची ४१०१ क्रमांकाची नोंद आहे. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, त्याची ती नोंद. क्रोमच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे द्यायचं थांबवलं, की हँग होणं थांबतं, पण मग व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा सतत फिरतो आणि बॅटरी भराभर उतरते. कायमचा इलाज म्हणून हे मला चालणार नाही.

खरा इलाज जुना ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर. तिथे जुन्या ड्रायव्हरवर परत नेणारं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण आहे आणि ते करडं पडलेलं आहे, दाबता येत नाही. कारण तुमच्या प्रोग्रॅमने नवा टाकताना जुना पुसून टाकला. तुमच्या वेबसाइटवरही या मॉडेलखाली फक्त नवीच आवृत्ती ठेवली आहे.

हे सगळं मी आज तुमच्या प्रतिनिधीला क्रमाने सांगितलं. नोंदीचा क्रमांक वाचून दाखवला. त्यावर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही टॅब जास्त उघडत असाल.” मी म्हटलं, एकच टॅब असतो. “मग फॉरमॅट करून घ्या.” मी म्हटलं, फॉरमॅट केल्यावर तुमचाच प्रोग्रॅम तोच ड्रायव्हर पुन्हा टाकणार, मग उपयोग काय? थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “घरात मिस्टर असतील तर त्यांच्याकडे फोन द्या, मी त्यांना स्टेप्स सांगतो.” ज्या बिघाडाचं कारण मी पाच मिनिटांपूर्वी त्यांना सांगितलं, त्याच्या स्टेप्स ते माझ्या नवऱ्याला सांगणार होते! मी वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हटल्यावर फोन होल्डवर गेला आणि कट झाला. हा माझा अपमान आहे आणि तो मी विसरणार नाही.

डेक्कनवरच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरने तर लॅपटॉप न उघडताच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलायचा खर्च सांगितला. ड्रायव्हरच्या दोषाला मदरबोर्ड! तुमच्या इंजिनीअरना दोन्हींतला फरक माहीत असणारच. मग ग्राहकाला हे का सांगता?

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. या मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर वेबसाइटवर परत ठेवा. अपडेट प्रोग्रॅममध्ये ड्रायव्हर नाकारायची सोय द्या आणि नवा टाकताना जुना पुसू नका, म्हणजे ते रोल बॅकचं बटण कुणाचंच करडं पडणार नाही. आजच्या बोलण्याबद्दल लेखी माफी मागा.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. आमच्या घरातला हा तुमचा तिसरा लॅपटॉप आहे. चौथा घेणार नाही.

एक ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे ३०

ता. क. फोन केलात तर तो मलाच करा.