तुमच्या नाकारलेल्या पासविषयी

सांगली

ती. बाबा व ती. सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, पुन्हा कधी साथ आली तर सरकारचा एकही निर्बंध पाळणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे, आणि त्यामागे मिरजेच्या आत्याचे अंत्यदर्शन चुकल्याचा सल आहे हे मला कळते. 2020 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, वाईहून मिरजेला यायचे म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडायची, त्यासाठी ई-पास हवा, आणि तुमचा अर्ज कोणतेही कारण न सांगता नाकारला गेला. तरीही तुमचा निष्कर्ष मला पटत नाही.

अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती, ती मला आजही गैर वाटत नाही. मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना लागण झाल्याचे निष्पन्न झाले आणि नातलग व संपर्कातील माणसे धरून रुग्णांची संख्या पाहता पाहता वीसच्या पुढे गेली. तेव्हा लस नव्हती; परिसर बंद करणे आणि संपर्कात आलेल्यांना शोधून वेगळे ठेवणे, एवढाच उपाय हाती होता आणि त्यानेच ती साखळी तुटली. ‘ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावे’ हा तुमचा युक्तिवाद इथे टिकत नाही, कारण लक्षणे दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला रोग देत होता. मात्र त्याच दिवसांत त्या कुटुंबाची नावे माझ्याही फोनवर येऊन थडकली होती, आणि त्यामुळे साथ आटोक्यात यायला काडीचीही मदत झाली नाही.

ज्या कायद्यांच्या आधारे आपल्याला घरात बसवले गेले, त्यांतला एक 1897 चा साथरोग कायदा आहे. प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला हा कायदा मुळात जेमतेम चार कलमांचा होता: सरकारने हवे ते उपाय योजावेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि सद्भावनेने काम करणाऱ्यावर दावा चालू नये. नाडल्या गेलेल्या माणसाने दाद कोठे मागावी, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. त्याच वर्षी पुण्यात गोरे शिपाई प्लेगचे रुग्ण शोधून हलवण्यासाठी घराघरांत शिरले आणि 22 जूनला प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी काही महिने, त्याच पुण्याच्या परिसरात, आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना मुलाच्या दवाखान्यात पोचवत होत्या आणि त्यातच लागण होऊन 10 मार्चला गेल्या. (आई, तू हे शाळेत शिकवलेस, मी तुलाच सांगते आहे.) रुग्णाला घरातून हलवणे दोन्हीकडे होते, लोक चिडले ते हलवण्याच्या रीतीवर.

आता संविधान आहे. देशात कुठेही फिरण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद 19 देतो आणि लोकहितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तोच देतो. 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही असे सांगितले, पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार हक्कांवर मर्यादा घालू शकते, मात्र त्या गरजेच्या प्रमाणात असाव्यात, हेही सांगितले. तुमच्या पासाला मी हीच कसोटी लावते. हद्दीवर तपासणी असावी. पण नकाराचे कारण लेखी मिळायला हवे होते आणि त्याच दिवशी फेरविचार करणारा एखादा अधिकारी हवा होता, कारण अंत्यदर्शन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही.

म्हणून निर्बंध मोडण्याची भाषा सोडून जिल्हाधिकाऱ्यांना एक निवेदन द्यावे, असे मला वाटते. पुढच्या वेळी ई-पास आणलाच, तर नकाराचे कारण आणि अपिलाची सोय त्यात असावी, एवढीच मागणी करू. मसुदा मी करते. तुमच्या ओळखीतल्या मंडळींच्या सह्या तुम्ही घ्या. तो नाकारलेला अर्ज बाबांच्या फोनमध्ये अजून असेल. आई, तो शोधून काढायचे काम तुझ्याकडेच येणार.

तुमची लेक