चालत्या जहाजावर उतरलेला पहिला

महोदय,

नौदल दिनाचा लेख आवडला. १८ मे १९६१ रोजी ‘विक्रांत’वर विमान उतरवणारे ताहिलियानी त्यात आहेत, पण मुळात ही वाट पाडणारा ब्रिटिश वैमानिक एडविन डनिंग राहून गेला. २ ऑगस्ट १९१७ रोजी त्याने चालत्या ‘फ्युरिअस’ या ब्रिटिश युद्धनौकेवर सॉपविथ पप हे विमान उतरवलं. अडवायला तार नाही, काही नाही. सहकाऱ्यांनी धावत जाऊन विमानाला लावलेले दोर हातांनी धरले! पाचच दिवसांनी पुन्हा उतरताना विमान समुद्रात गेलं आणि तो बुडाला. वय २५. इंग्लंडातल्या ब्रॅडफील्ड गावच्या चर्चने त्याची आठवण जपली आहे.

इंदूरला समुद्र कुठला? तरी आमच्या रामबागेतले एक काका ‘विक्रांत’वर सी हॉक विमानांची देखभाल करत. जिरावण मसाला घातलेल्या पोह्यांच्या बशीवर चमचा आडवा ठेवून, विमानाचा हूक तार कसा पकडतो ते दाखवायचे. पोहे गार व्हायचे, काकू चिडायच्या. गेल्या वर्षी काका गेले. शोकसभेत ‘सरकारी नोकरीत होते’ एवढंच सांगितलं गेलं. वाचनालयात निदान त्यांचा एक फोटो लावावा, खाली ‘विक्रांत’चं नाव घालून.

– एक वाचक, रामबाग, इंदूर