कॅलिफोर्नियातील गॉफ्स गावच्या अभिलेखागारातील ग्रंथपालबाईंना जाहीर आभारपत्र

मा. महोदया,

सप्रेम नमस्कार.

मोहावे वाळवंटातील लॅनफेअर खोऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यांवरचा माझा लेख आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाला. त्यात जे काही ठोस आहे, ते आपण शोधून दिलेल्या कागदांच्या बळावर आहे. हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण इतकेच की, लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅनियनला निघालेली आमची मंडळी गाडीच्या काचा वर करून हे वाळवंट पार करतात आणि ‘इथे काहीच नाही’ असे म्हणून मोकळी होतात.

सरकारी जमीन वसवून कसण्याच्या अटीवर मिळत होती आणि १९१०पासून या खोऱ्यात कुटुंबे येऊन वसली. त्यांत कृष्णवर्णीय कुटुंबेही होती. सरकारी दफ्तरात या जमिनींची नोंद सापडते, पण आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून जशी घरातली माणसे कळत नाहीत, तशीच तिथेही कळत नाहीत. पाणी पिंपांतून किती लांबून आणावे लागे, झऱ्यांवर हक्क सांगणाऱ्या गुरांच्या कंपनीशी खटके कसे उडत आणि १९२०च्या दशकात एकेक घर का रिकामे होत गेले, हे मला समजले ते आपण पाठवलेल्या मुलाखतींच्या लेखी प्रतींतून.

छायाचित्रांच्या बाबतीत तर आपण मी मागितले त्याहून अधिक दिलेत. मला फक्त चित्र हवे होते. आपण त्याची पाठही स्कॅन करून पाठवलीत. तिथे पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे लिहिलेली होती, त्यांतल्या एका नावापुढे प्रश्नचिन्ह होते आणि खाली वेगळ्या अक्षरात कुणीतरी दुसरेच नाव सुचवले होते. यातले खरे कोणते, असे मी विचारले तेव्हा दोन्ही नोंदी तशाच ठेवण्याचा आपला शिरस्ता असल्याचे आपण कळवलेत. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण दोघांतले एक नाव पुसून टाकणारा इतिहास वाचायला सोपा असतो, पण त्यावर विसंबता येत नाही.

हा सारा ठेवा ज्यांच्यामुळे उभा राहिला, त्या डेनिस केसबियर यांचे २०२१मध्ये निधन झाले. त्यांचे ऋण आता आपल्यामार्फतच मानायचे. पेशाने नौदलात काम करणारा हा माणूस १९९०मध्ये गॉफ्सला राहायला आला, १९१४ साली बांधलेली तिथली पडकी शाळा त्याने सहकाऱ्यांसह पुन्हा उभी केली, आणि वाळवंट सोडून गेलेल्या वृद्ध रहिवाशांना गाठून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्या घरच्या अल्बमांच्या प्रती करून घेतल्या. जुन्या रेल्वेस्थानकाच्या धर्तीवर बांधलेल्या इमारतीत आज हे अभिलेखागार आहे, आणि ते चालते मुख्यतः आपल्यासारख्या स्वयंसेवकांच्या श्रमांवर. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसले असते, तर त्या वृद्धांपैकी कितीजण बोलायला उरले असते, याची मला शंकाच आहे.

शिवाय इथे वणवेही लागतात. २००५च्या हॅकबेरी वणव्यात या परिसरातली काही जुनी घरे जळाली, तर २०२३चा यॉर्क वणवा ९० हजारांहून अधिक एकरांवर पसरला. जळालेल्या घराची खूण आता आपल्या कपाटातच पाहायची.

अंकाच्या दोन प्रती टपालाने पाठवत आहे. सोबत, आम्ही खोऱ्यात पाहिलेल्या सिमेंटच्या एका पडक्या हौदाची छायाचित्रे आणि त्याचे अक्षांश-रेखांश जोडले आहेत. तो कोणाच्या जमिनीवर होता, हे आपल्या नकाशांवरून निश्चित झाले तर कृपया कळवावे. न झाल्यास छायाचित्रांवर प्रश्नचिन्ह घालून ती संग्रहात ठेवावीत.

आपली कृतज्ञ,
लेखाची लेखिका