फोम ओतायच्या आधी

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

शर्यतीच्या पुढच्या मोसमाचे दोन्ही प्रस्ताव नीट वाचले. शिडी तुला पाठच आहे: कार्ट, एफ-४, फॉर्म्युला रीजनल, एफ-३, एफ-२, मग एफ-१. पहिल्यात फॉर्म्युला रीजनलची गाडी, मोठ्या नावाचा संघ आणि मोसमाआधी सरावाचे चार दिवस. दुसऱ्यात एफ-४ चंच दुसरं वर्ष, पण सरावाचे सोळा दिवस. माझं मत आधीच सांगून टाकते: सोळा दिवस घे. कारणं खाली लिहिते. पटणार नाहीत ती खोडून काढ, पण गाडी मोठी आहे म्हणून नको.

आधी सुपरलायसन्सचं, म्हणजे एफ-१ च्या परवान्याचं गणित. एफ-१ ची गाडी शर्यतीत चालवायची तर तीन मोसमांत मिळून ४० गुण, एफ-१ च्या गाडीत ३०० किलोमीटरचा सराव, आणि सर्वसाधारण नियमाप्रमाणे वयाची १८ वर्षं पूर्ण. एफ-२ मध्ये पहिल्या तिघांत आलीस तर चाळीसच्या चाळीस एका वर्षात मिळतात. एफ-३ च्या विजेत्याला ३०, एफ-४ च्या विजेत्याला १२, एफ-१ अकॅडमीच्या (फक्त मुलींच्या मालिकेच्या) विजेतीला १०. आकडे शेजारी-शेजारी मांडले की दिसतं, एफ-४ मध्ये एक वर्ष जास्त गेलं तर गुणांच्या हिशेबात काही बिघडत नाही. बिघडतं ते एफ-३ मध्ये कच्चं जाऊन तीसाव्या जागेवर गाडी फिरवल्याने. तिथे तीस गाड्या असतात, सराव ४५ मिनिटांचा, क्वालिफायिंग (सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र) ३० मिनिटांचं आणि मग थेट दोन शर्यती. ४५ मिनिटांत हाती पंधरा-सोळा लॅप लागतात, त्यात गाडी पिटमधून आत-बाहेर. तिथे शिकायला जायचं नसतं.

अकॅडमीबद्दल तू विचारलं होतंस. जरूर अर्ज कर, पण ती कशासाठी आहे ते ओळखून. गाडी टाटूसची टी-४२१, म्हणजे एफ-४ चीच, ताकद १७४ अश्वशक्ती. शर्यती एफ-१ च्या शनिवार-रविवारी, म्हणून बघणारे डोळे योग्य ठिकाणचे. २०२३ मध्ये मार्ता गार्सिया जिंकली, तिला पुढच्या वर्षी फॉर्म्युला रीजनलमध्ये खर्च भागवलेली जागा मिळाली. २०२४ मध्ये ॲबी पुलिंग जिंकली, तिला ब्रिटनच्या जीबी-३ मालिकेत. २०२५ मध्ये डोरियान पँ. यातलं पुलिंगचं वर्ष तू बारकाईने बघ. अकॅडमीबरोबरच ती त्याच वर्षी ब्रिटिश एफ-४ मध्येही उतरत होती, गाडी त्याच जातीची. ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर तिने शर्यत जिंकली, ब्रिटिश एफ-४ मध्ये जिंकलेली ती पहिली स्त्री. एकाच गाडीत दोन मालिकांचे किलोमीटर पडले की ब्रेकचा पाय विचार न करता चालतो. मला तुझ्यासाठी हवंय ते हेच.

मुलींच्या बाबतीत घाई जास्त होते, हे माझं निरीक्षण आहे. मुलगा एफ-४ मध्ये दोन वर्षं थांबला तर त्याला ‘पक्का होतोय’ म्हणतात, मुलगी थांबली की ‘अडकली’. प्रायोजकाला फोटो वरच्या गाडीतला हवा असतो. तुला लेला लोम्बार्डीबद्दल विचारतील (१९७५, स्पेनमधलं माँटजुइक, सहावा क्रमांक, शर्यत मध्येच थांबल्यामुळे अर्धा गुण, आणि एफ-१ मध्ये गुण मिळवलेली आजवरची ती एकटीच स्त्री). १९९२ मध्ये जियोव्हाना अमाटीने एफ-१ च्या शर्यतीत उतरायचा प्रयत्न केला, त्यानंतर कुणीच नाही, हेही विचारतील. उत्तर दोन वाक्यांत दे आणि इंजिनिअरकडे जा. तो खड्डा भरायचं कंत्राट तुझ्याकडे नाही.

आता सोळा दिवसांत काय मिळतं ते. चाळीस मिनिटांची चार सत्रं धरली, लॅप एक मिनिट चाळीस सेकंदांचा, तर आत-बाहेर जाणं वजा करून सत्तरएक लॅप होतात. चार किलोमीटरच्या ट्रॅकवर ते २८० किलोमीटर. अशा सोळा दिवसांचे साडेचार हजार किलोमीटर होतात. पण नुसते फेरे मारून आलीस तर ते वाया. एक वळण जवळून बघ, म्हणजे काय म्हणते ते कळेल.

समज, १८० च्या वेगाने येऊन ९० वर वळायचंय. १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर, दशांश सेकंदात पाच मीटर. कार्टला डाउनफोर्स (हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर) नसतो, म्हणून कार्टमधून आलेला पाय ब्रेक जपून दाबतो आणि एकाच जोराने धरून ठेवतो. पंख असलेल्या गाडीत हे उलटं पडतं. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, वेग अर्धा झाला की तो पाव उरतो. म्हणजे सगळ्यात जास्त पकड पहिल्याच क्षणी असते, तेव्हाच पूर्ण जोर हवा, आणि वेग उतरेल तसतसा पाय हलका करत न्यायचा. डेटावर (गाडीने नोंदवलेल्या आलेखावर) ब्रेकची रेघ कड्यासारखी सरळ चढून उतारासारखी खाली यायला हवी. तुझी रेघ आत्ता पठारासारखी आहे. हळू चढते, सपाट राहते आणि वळायच्या क्षणी एकदम सोडतेस. सोडलास की पुढच्या चाकांवरचं वजन उठतं, नाक बाहेर जातं, अपेक्स (वळणाचा सर्वांत आतला बिंदू) हुकतो आणि थ्रॉटल द्यायला, म्हणजे वेग वाढवायला, थांबावं लागतं. खरा घोळ याच्यापुढे आहे. हा वेळ ब्रेकच्या जागी दिसत नाही, पुढच्या सरळ पट्ट्यावर दिसतो. मग वाटतं वळणात सगळं ठीक आहे, आणखी उशिरा ब्रेक मारते. तसं केलं की पठार आणखी उंच होतं आणि नाक आणखी बाहेर जातं.

म्हणून डेटा बघताना क्रम ठेव. आधी वेळेच्या फरकाची रेघ, ती कुठे तुटते. मग त्या जागेच्या मागे जाऊन सर्वांत कमी वेग किती आणि कुठल्या मीटरवर. मग थ्रॉटल पूर्ण कधी. ब्रेकचा बिंदू सगळ्यात शेवटी. एका सत्रात एकच गोष्ट बदल, दोन बदललीस की कुठली लागू पडली ते कळत नाही.

सीटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय लोक उरकून टाकतात आणि मोसमभर भोगतात.

सीट म्हणजे दोन द्रवांचं मिश्रण पिशवीत ओतून तुझ्या पाठीमागे फुगवलेला फोम. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नसतं, आणि तो चांगलाच तापतो. बसताना शर्यतीचा सूट, तेच बूट, हेल्मेट, हॅन्स (मान जपणारं खांद्यावरचं कवच), पट्टे आवळलेले, हात स्टिअरिंगवर, आणि पाय ब्रेकवर जोर देऊन. सैल बसून ओतलेला फोम ट्रॅकवर पहिल्याच ब्रेकला सैल लागतो. एका दमात भरू देऊ नकोस. आधी कमरेपर्यंत, तो बसला की खांद्यापर्यंत. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की कोपर कॉकपिटच्या कडेला आणि बोटांची पेरं मांडीला लागता कामा नयेत.

कॉकपिटचं माप बहुतेक रुंद खांद्यांच्या मुलाला धरून असतं. तुझे खांदे अरुंद, म्हणून वरचं धड वळणात सरकतं. सरकलं की नकळत तू स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरतेस. दहाव्या लॅपला हाताचे स्नायू दगड होतात आणि सगळे म्हणतात, ताकद कमी आहे. डेटावर याची खूण असते, स्टिअरिंगची रेघ लांब वळणात करवतीसारखी दातेरी होते. उपाय बरगड्यांच्या बाजूला फोम चढवण्यात आहे, दंडाच्या व्यायामात नाही. पट्टे छातीवरून सपाट जातात का ते बघ, आणि हॅन्स रेललेल्या बैठकीच्या कोनाचं आहे का तेही. सरळ बसायच्या गाडीचं हॅन्स इथे मानेत रुततं.

स्टिअरिंग जड असतंच. एफ-४ ला पॉवर स्टिअरिंग नाही. वरच्या गाड्यांचा हा प्रश्न इतका गाजला की २०२४ ची एफ-२ आणि २०२५ ची एफ-३ गाडी बनवताना स्टिअरिंगला लागणारा जोर सगळ्या शरीरयष्टींना झेपेल, हे मुद्दाम पाहिलं गेलं. तुझ्या हातात असलेल्या गोष्टी अशा. २६० मिलिमीटर व्यासाऐवजी २८० चं स्टिअरिंगचं चक्र नियमात बसत असेल तर हातावरचा जोर सुमारे सात टक्क्यांनी उतरतो. मूठ जाड असेल तर बारीक करून घे, जाड मुठीत लहान हात लवकर थकतो. कास्टर (पुढच्या चाकाच्या वळायच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी केला की स्टिअरिंग हलकं होतं, पण वळणात पुढच्या बाहेरच्या चाकाला मिळणारा कॅम्बर (चाकाचा आतला कल) जातो आणि हळू वळणात गाडी पुढून घसरते. म्हणून कास्टरला शेवटी हात लावायचा.

मान: डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धर. एफ-३ च्या २०१९ च्या गाडीत बाजूचा जोर २.६ जी (गुरुत्वाच्या २.६ पट) पर्यंत, म्हणजे १७ किलो. एफ-२ मध्ये ३.९ जी, २५ किलो. आत्तापासून आठवड्यातून तीनदा चारही बाजूंना धरून ठेवायचे व्यायाम कर, झटके नकोत.

आणि जेवण कमी करू नकोस. किमान वजन गाडी आणि चालक मिळून धरतात, तू तीन किलोंनी उतरलीस की संघ तळाशी तीन किलोंचं जादा वजन (बॅलास्ट) ठोकतो. ते खाली बसतं हा बारीकसा फायदा आहे, पण स्नायू गेला तर ब्रेकचा पाय गेला. रक्तातलं लोह वर्षातून दोनदा तपासून घे आणि पाळीच्या तारखा ट्रेनरला सांगत जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यावर त्याला सरावाचा ताण आखता येतो.

टायर. या श्रेणींत टायर गरम करायची ब्लँकेट नसतात. थंड असताना १.२ बारला भरलेला टायर २० अंशांवरून ८० वर गेला की १.६५ च्या आसपास पोचतो. संघ त्या गरम आकड्याचा हिशेब करून थंड दाब ठरवतो. तू पहिला लॅप रमतगमत काढलास तर तो दाब येतच नाही, आणि मग गाडीला दोष. नागमोडी चालवून फक्त वरचा थर तापतो. ब्रेक तापवले की उष्णता रिममधून आत जाते, आणि वळणात टायरवर भार टाकला की गाभा तापतो. मागची चाकं थ्रॉटलने आपोआप तापतात, पुढची मागे राहतात. पहिल्या वळणात नाक बाहेर गेलं तर सेटअप बदलायला सांगण्याआधी पुढच्या चाकांचं तापमान विचार. नवा सेट एक-दोन लॅपच उत्तम असतो. ते लॅप ओळखणं हे वेगळं कसब आहे आणि ते फक्त नव्या टायरवर येतं.

म्हणूनच करारात ‘सोळा दिवस’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. प्रत्येक दिवसाला नवे सेट किती, ते आकड्यात लिहून घे. जुन्या टायरवरचे सोळा दिवस आठ दिवसांच्या लायकीचे. इंजिनिअर कोण, तो मोसमभर तुझ्याकडेच राहणार का. संघातल्या सगळ्यांचा डेटा तुला दिसणार का, की फक्त तुझा त्यांना. पाऊस पडून दिवस बुडाला तर बदली मिळते का. मोडतोडीचा खर्च कुणाचा, आणि दुसऱ्याने मागून ठोकलं तर कुणाचा. नाक आणि पुढचा पंख वारंवार जातात, चाक धरणारे दांडे, म्हणजे विशबोन आणि पुशरॉडही. धडक किरकोळ वाटली तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं दिसलं तर लगेच रेडिओवर सांग. टो लिंक (चाकाची दिशा धरणारा दांडा) वाकलेली असते, आणि तशीच चालवलीस तर टायरही जातो आणि तुझा अंदाजही.

रीजनलच्या संघाला नकार कळवताना दार उघडं ठेव. २७० अश्वशक्तीची ती गाडी मोसम संपल्यावर दोन दिवस चालवायला मिळेल का, एवढं विचार. देतात पुष्कळदा, त्यांनाही पुढच्या वर्षीचा चालक हवाच असतो. वरच्या गाडीत वेळ लागतोच: सोफिया फ्लोर्शला एफ-३ मध्ये पहिले गुण मिळाले ते २०२३ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर, आणि तेही आधीचा एक मोसम तिथे काढल्यावर. एफआयए एफ-३ मध्ये गुण घेतलेली ती पहिली स्त्री.

फोम ओतायच्या दिवशी नवे बूट नेऊ नकोस, चालवतेस तेच ने. सूटच्या आत जे घालतेस तेच घाल. आणि फोम बसल्यावर ‘ठीक आहे’ म्हणून उठू नकोस, पट्टे आवळून वीस मिनिटं तशीच बस. टोचायचं ते बारा-पंधरा मिनिटांनी टोचायला लागतं. जिथे टोचेल तिथे टेप लावून खूण कर आणि कापून घेतल्यावर पुन्हा बस. त्याचा एक फोटो मला पाठव, बाजूने काढलेला, कोपर दिसेल असा.

तुझी,
आई